आधी टॅली, मग इन्स्टॉल

आपण तशी चोखंदळ माणसं. कोथिंबिरीची जुडी आतून विस्कटून बघितल्याशिवाय पैसे काढत नाही. नारळ कानाशी धरून हलवतो, कलिंगडावर टिचकी मारतो, औषधाच्या पाकिटावरची तारीख उजेडात धरून वाचतो. रिक्षात बसलो की पहिली नजर मीटरकडे. पण इंटरनेटवरून तीन जीबीची फाइल उतरवली, तीही अशी की जी आपल्या कॉम्प्युटरचा सगळा कारभार हातात घेणार आहे, तर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. नेक्स्ट, नेक्स्ट, आय ॲग्री, फिनिश! कोथिंबीर निवडून घ्यायची आणि घराच्या किल्ल्या मात्र बेल वाजवणाऱ्या पहिल्याच माणसाच्या हातात ठेवायच्या, असला हा प्रकार.

बरं, ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काही साधं ॲप नव्हे. ॲप हा पाहुणा. त्रास द्यायला लागला तर हाकलता येतो. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे घराच्या भिंती, दारं, कुलपं आणि शिवाय वॉचमनसुद्धा. आपले पासवर्ड तिच्या डोळ्यांदेखत टाइप होतात. अँटिव्हायरस तिच्याच खांद्यावर बसून पहारा देतो. आता तीच फितूर निघाली तर तक्रार कुणाकडे करणार?

मी इंजिनिअर नाही, हे आधीच सांगून टाकते. बाणेरच्या एका कंपनीत एचआरमध्ये आहे. एक्सेल, मेल आणि ‘कुणीतरी आयटीवाल्याला बोलवा रे’ एवढाच माझा कॉम्प्युटरशी संबंध. या भानगडीत पडायला निमित्त झालं बाबांच्या लॅपटॉपचं.

हा लॅपटॉप २०१५ सालचा. वजनाला पाट्या-वरवंट्याच्या तोडीचा, पण तब्येत ठणठणीत. त्यावर विंडोज १०. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. आमच्या म्हाताऱ्याकडे दोन्ही नाही. (म्हातारा म्हणजे लॅपटॉप. बाबा वाचतायत.) टाकून द्यावा तर जीव होत नाही, तसाच वापरावा तर नवीन सापडलेली भोकं बुजवायला कुणी येणार नाही.

आणि बाबा त्यावर पत्ते खेळत नाहीत. एका राष्ट्रीयीकृत बँकेत चौतीस वर्षं काढून ते रिटायर झाले. सोसायटीचे खजिनदार म्हणून सगळा जमाखर्च त्या लॅपटॉपवर. नेट बँकिंग त्यावरच. ग्रॅच्युइटी आणि पीएफच्या एफडी, पेन्शनचं खातं, आईच्या नावचं खातं. थोडक्यात, दोघांचं पुढचं आयुष्य त्या एका कीबोर्डवरून चालतं. त्यामुळे ‘होऊन होऊन काय होईल?’ हा प्रश्न आमच्या घरी हसत हसत विचारण्यातला नव्हता.

पर्याय तीन. चौकातला रिपेअरवाला म्हणाला, “काका, पाचशे द्या, नवीन विंडोज टाकून देतो. ऑफिससकट. क्रॅक आहे, पण एकदम ओरिजिनलसारखं.” या ‘सारखं’वर बाबांची भुवई वर गेली आणि तो पर्याय तिथेच संपला. दुसरा पर्याय ऑफिसमधला माझा एक मित्र. लिनक्सचा भक्त. “अगं, लिनक्स मिंट टाक. फुकट आहे, जुन्या मशिनवर मस्त चालतं, दिसायलाही विंडोजच्या जवळचं. माझ्या पेन ड्राइव्हवर फाइल आहेच. अर्ध्या फ्लोअरला वाटलीये मी.” मी म्हटलं, “दे. पण टाकायच्या आधी तपासून घेईन हं.” झालं! साहेबांचा चेहरा पडला. “म्हणजे? माझ्यावर विश्वास नाही?” पेन ड्राइव्ह दिला, पण देताना जरा आपटूनच दिला. तिसरा पर्याय, मिंटच्या अधिकृत वेबसाइटवरून स्वतः डाउनलोड करायचं. मी तोच धरला. पेन ड्राइव्ह पर्सच्या तळाशी गेला.

आता तपासायचं म्हणजे नेमकं काय? अख्खी सिस्टिम एकाच फाइलमध्ये बांधून ठेवलेली असते, तिला आयएसओ इमेज म्हणतात. वेबसाइटवर या फाइलच्या जोडीला एक लांबलचक नंबर दिलेला असतो. चौसष्ट अक्षरांचा. त्यात शून्य ते नऊ हे आकडे आणि ए ते एफ ही अक्षरं. बघितला की वाटतं, मांजर कीबोर्डवरून चालत गेलं. हा त्या फाइलचा हॅश, बोलीभाषेत चेकसम.

ही कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही. तुमच्या डेबिट कार्डावरचा शेवटचा आकडा कुणी मनाने दिलेला नसतो. आधीच्या आकड्यांवर ठरलेलं गणित करून तो येतो. आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी १९५४ साली या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. आधारचा बारावा आकडाही असाच, फक्त त्यामागचं गणित वेगळं. फॉर्म भरताना एखादा आकडा चुकला तर स्क्रीन लगेच लाल होते ती याच जोरावर. पण एका आकड्याची ही राखण टायपिंगच्या चुकांपुरती. मुद्दाम फसवणाऱ्यापुढे ती टिकत नाही, कारण शेवटचा आकडा त्यालाही काढता येतो.

फाइलसाठी त्याहून कडक बंदोबस्त लागतो. त्यासाठी आज सगळ्यात जास्त दिसणारी पद्धत म्हणजे एसएचए-२५६. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २००१ साली ही जाहीर केली. तीन जीबीची फाइल असो की तीन अक्षरांचा मेसेज, आत घातलं की बाहेर येतात चौसष्टच अक्षरं. तीच फाइल जगात कुठेही, कितीही वेळा घाला, उत्तर तेच. मात्र त्या तीन जीबीत एक स्वल्पविराम जरी बदलला तरी सगळा नंबर ओळखू न येण्याइतका पालटतो. आणि उलटा प्रवास बंद. नंबरवरून फाइल बनवता येत नाही, ठरवून दिलेल्या नंबरची दुसरी फाइल तयार करणंही आजवर कुणाला जमलेलं नाही. शक्य असलेले नंबर तरी किती? ती संख्या लिहायला अठ्ठ्याहत्तर आकडे लागतात.

सगळ्याच पद्धती इतक्या भरवशाच्या राहिल्या नाहीत. एमडी५ ही रोनाल्ड रिव्हेस्ट यांची १९९१ सालची पद्धत एके काळी सगळीकडे होती. २००४ मध्ये शाओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच एमडी५ नंबरच्या दोन वेगळ्या गोष्टी तयार करून दाखवल्या. एसएचए-१चंही २०१७ च्या फेब्रुवारीत तेच झालं. गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेने एकाच नंबरच्या दोन वेगळ्या पीडीएफ जगासमोर ठेवल्या. तेव्हा साइटवर दोन-तीन नंबर दिलेले दिसले तर चौसष्ट अक्षरांच्या नंबरशीच जुळवा.

काम मात्र फार सोपं आहे. विंडोजमध्ये पॉवरशेल उघडायचं, रोमन अक्षरांत ‘गेट-फाइलहॅश’ ही कमांड लिहायची, पुढे फाइलचं नाव, एंटर. मॅकवर ‘शासम’ आहे, लिनक्सवर ‘एसएचए२५६सम’. दोन घोट चहा होतोय तोवर नंबर समोर. चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं डोळ्यांनी जुळवायचीही गरज नाही. साइटवरचा नंबर कॉपी करून त्याच पानावर ‘फाइंड’ मारला की झालं. फक्त पहिली चार आणि शेवटची चार बघून ‘चलता है’ म्हणू नका. टोकं तेवढी सारखी जमवणं फारसं अवघड नसतं.

तर शनिवारी रात्री डाउनलोड लावून मी झोपले. मध्येच लाइट गेले, राउटर बंद पडला, परत आला. सकाळी फाइल हजर, ब्राउझर म्हणतोय सगळं ओके. मी नंबर काढला. पहिल्याच अक्षराला खेळ खल्लास. साइटचा नंबर एक, माझा दुसराच. काही सेकंद पोटात गोळा आला. हॅकर? व्हायरस? कुणी पाळत ठेवतंय? मग फाइलचा आकार बघितला. जवळपास तीन जीबी असायला हवी होती, होती सव्वादोन. चोर नव्हे, महावितरणही नव्हे, फाइल अर्ध्या वाटेत दमली होती, बस्स.

आई चहा घेऊन आली. म्हणाली, “थोडंसंच कमी आलंय ना? मग टाक की. मीठ कमी असलं तरी आमटी होतेच.” बाबांनी पेपर खाली ठेवला. “एक रुपया कमी आला तरी आम्ही शाखा बंद करत नव्हतो. रात्रीचे अकरा वाजले तरी चालेल, कॅश टॅली झाल्याशिवाय घरी नाही.” आणि इथे तर खरंच टाकून चालणार नव्हतं. इन्स्टॉल करताना जुनी डिस्क आधी पुसली जाते. नवी सिस्टिम अर्ध्यात अडकली असती तर सोसायटीचा जमाखर्च बॅकअपमध्ये आणि लॅपटॉप कोमात. किंवा त्याहून वाईट, सगळं नीट चाललंय असं महिनाभर वाटलं असतं आणि मग नेमक्या मेंटेनन्स बिलांच्या दिवशी काळा पडदा.

पुन्हा डाउनलोड लावायचं तर दुपार जाणार. तेवढ्यात पर्सच्या तळाशी पडलेला पेन ड्राइव्ह आठवला. आवृत्ती तीच होती. त्यावरच्या फाइलचा नंबर काढला. जुळला! चौसष्टच्या चौसष्ट. मला एकदम त्या मित्राचा पडलेला चेहरा आठवला. गंमत बघा, मी तपासणार म्हटल्यावर तो दुखावला होता. आणि तपासल्यामुळेच आता त्याची फाइल बिनधास्त वापरता येणार होती. नंबर जुळला की फाइल कुणी आणली, कुठल्या खिशातून आणली, कितीजणांच्या हातातून आली, याला महत्त्व उरत नाही. न तपासता घेतली असती तर मी फक्त त्याच्या चांगुलपणावर विसंबले असते. आणि चांगल्या माणसाकडेही बिघडलेली फाइल असू शकते.

मी विजयी मुद्रेने बाबांकडे वळले. “टॅली!”

बाबा म्हणाले, “छान. हा दुसरा नंबर कुठून आणलास?”

“मिंटच्या साइटवरून.”

“आणि मित्राने फाइल कुठून घेतली?”

“त्याच साइटवरून.”

“मग गं? ज्याने नोट दिली त्यालाच विचारायचं की बाबा रे, ही खरी आहे ना?”

मग त्यांनी मला टेस्ट नंबरची गोष्ट सांगितली. ते नोकरीला लागले तेव्हा एका गावाहून दुसऱ्या गावी पैसे पाठवायचे तर बँकेची तार जायची. ‘अमक्याला इतके द्या.’ आता तार काय, कुणीही पोस्टात जाऊन करू शकतो. म्हणून तारेत एक टेस्ट नंबर घालायचा. तारखेला एक आकडा, रकमेला एक, शाखेला एक, असे आकडे बँकेच्या कोडबुकात ठरलेले. त्यांची बेरीज म्हणजे टेस्ट नंबर. तार मिळालेल्या शाखेतला अधिकारी आपलं कोडबुक काढून तीच बेरीज पुन्हा करायचा. जुळली तरच पैसे. रकमेत कुणी एक शून्य वाढवलं की बेरीज चुकलीच. “आणि कोडबुक काय तारेबरोबर यायचं नाही,” बाबा म्हणाले. “ते आधीच, वेगळ्या वाटेने, सीलबंद पाकिटातून आलेलं असायचं. कुलपात असायचं. तारेनेच कोडबुक पाठवलं असतं तर चोराने दोन्ही पाठवली असती की.”

मी गप्प. कारण हेच मी ऑफिसात रोज करते. कँडिडेटच्या आधीच्या नोकरीची चौकशी करताना त्याने दिलेल्या लेटरहेडवरच्या नंबरला फोन करायचा नसतो. कंपनीचा नंबर स्वतः शोधायचा. नाहीतर पलीकडून ‘हो हो, फार गुणी मुलगा’ म्हणणारा त्याचा रूममेट निघतो.

आणि बाबांची शंका पुस्तकी नव्हती. हे घडून गेलेलं आहे, तेही याच लिनक्स मिंटच्या बाबतीत. २० फेब्रुवारी २०१६ला मिंटच्या वेबसाइटमध्ये कुणीतरी घुसलं. १७.३ सिनॅमन या आवृत्तीची डाउनलोडची लिंक बदलून ती बल्गेरियातल्या एका सर्व्हरकडे वळवली. तिथे ठेवली होती तशीच दिसणारी फाइल, पण आत ‘त्सुनामी’ नावाचं चोरदार. त्यातून बाहेरचा माणूस तुमच्या मशिनला हुकूम देऊ शकतो. मिंटचे प्रमुख क्लेमेंट लेफेव्र यांनी लगोलग जाहीर करून लोकांना सावध केलं, साइट काही काळ बंद ठेवली. घुसलेल्या माणसाने नंतर एका बातमीदाराला सांगितलं की त्याने पानावरचा चेकसमसुद्धा बदलून आपल्या खोट्या फाइलचा लावला होता. वर म्हणाला, तसंही ते तपासतं कोण?

म्हणजे त्या दिवशी एखाद्या काळजीवाहू मुलीने इमानदारीत नंबर जुळवला असता, तर तो जुळला असता. टॅली! आणि बाबांच्या एफडी परक्या माणसाच्या डोळ्यांसमोर.

म्हणून नंबरच्या पुढची पायरी असते, डिजिटल सही. मिंटवाले सगळे चेकसम एका छोट्या फाइलमध्ये लिहितात आणि त्या फाइलवर आपल्या गुप्त चावीने सही करतात. गुप्त चावी त्यांच्याकडे. तिची जोडीदार, उघडी चावी, सगळ्या जगाकडे. उघड्या चावीने सही खरी की खोटी ते कळतं, सही करता मात्र येत नाही. वेबसाइट फोडणाऱ्याला पानावरचा नंबर बदलता येतो, ही सही करता येत नाही. बाबांना हे एका वाक्यात समजलं. “म्हणजे स्पेसिमेन सिग्नेचर कार्ड. चेकवरची सही आम्ही चेक आणणाऱ्याच्या कागदाशी नाही ताडायचो. खातं उघडताना घेतलेलं कार्ड असायचं आमच्या कपाटात.”

या कामासाठी विंडोजवर जीपीजीफॉरविन नावाचं फुकट सॉफ्टवेअर मिळतं. त्यातल्या खिडकीचं नाव क्लिओपात्रा. (हे नाव ऐकून आईसुद्धा बघायला आली.) क्लिओपात्राला सहीची फाइल दाखवली. ती राणीच्या थाटात म्हणाली की सही बरोबर आहे, पण ही चावी खरंच मिंटवाल्यांची आहे याची हमी मी देऊ शकत नाही. पहिल्यांदा हे वाचून वैताग येतो. मग लक्षात येतं, बाई प्रामाणिक आहे. चावी तरी आपण आणली कुठून? इंटरनेटवरूनच ना?

चावीला एक फिंगरप्रिंट असतो, चाळीस अक्षरांचा. तो वेगळ्या वाटेने पडताळायचा. माझा नाशिकचा मामेभाऊ २०१८ पासून मिंट वापरतो, ती चावी तेव्हापासून त्याच्या मशिनवर पडलेली. रविवारी सकाळी साडेदहाला त्याला फोन लावला. “दादा, एक काम आहे, हसू नकोस. तुझ्याकडची मिंटची चावी उघड आणि मला वाचून दाखव.” तो हसलाच. पण वाचायला लागला. “टू सेव्हन डी ई... बी वन फाइव्ह सिक्स...” मी स्क्रीनवर बोट फिरवतेय, बाबा शेजारी पेन्सिल घेऊन एकेका चौकडीवर टिक करतायत. अगदी जुन्या दिवसांत लेजर वाचून घ्यायचे तसे. शेवटी दादा म्हणाला, “ए ई झिरो नाइन.” बाबांनी शेवटची टिक केली आणि खाली सही ठोकली. सवयच ती!

आता कुणी म्हणेल, एका लॅपटॉपसाठी एवढा उपद्व्याप? मिंट १७.३च्या प्रकरणाला कितीतरी वर्षं झाली. मान्य. पण वाट वाकडी करून फाइल घेतल्याने काय होतं याचा त्याहून मोठा दाखला २०१५चा आहे. आयफोनची ॲप्स ज्यात बनतात ते एक्सकोड नावाचं सॉफ्टवेअर चीनमध्ये ॲपलच्या सर्व्हरवरून फार हळू उतरायचं. म्हणून तिथल्या अनेक डेव्हलपरनी बाइडूच्या फाइल शेअरिंगवर कुणीतरी ठेवलेली प्रत घेतली. कोण तीन-चार जीबी वाट बघत बसणार? त्या प्रतीत भेसळ होती. तिच्यातून बनलेल्या प्रत्येक ॲपमध्ये ती गुपचूप उतरली, वीचॅटच्या एका आवृत्तीतसुद्धा. या प्रकरणाला पुढे ‘एक्सकोडघोस्ट’ नाव पडलं. प्रत घेणारे कुणी आजोबा नव्हते, रोज कोड लिहिणारी मंडळी होती. घाई सगळ्यांना असते. आपल्याकडे तीच घाई पेन ड्राइव्हच्या रूपाने एका क्युबिकलमधून दुसऱ्यात फिरते. पेन ड्राइव्ह वाईट नाही. त्यातल्या फाइलला जुळवायला नंबरच नसेल, तर ते वाईट. रिपेअरवाल्याच्या पाचशेच्या विंडोजमध्ये खरी अडचण हीच. क्रॅक करणाऱ्याने आत हात घातलेलाच असतो, त्यामुळे मूळ कंपनीच्या नंबरशी ती कधीच जुळणार नाही. त्याने अजून काय काय केलं, हे सांगणारा नंबर जगात कुठेच नाही.

एवढं केल्यावर शंभर टक्के खात्री मिळते का? नाही. सही एवढंच सांगते की फाइल या माणसाकडून आली आणि वाटेत कुणी हात लावला नाही. तो माणूस कसा आहे, हे सही सांगत नाही. २९ मार्च २०२४ला हे जगाला लख्ख दिसलं. लिनक्समध्ये फाइल आवळून लहान करायचं ‘एक्सझेड’ नावाचं एक साधन आहे. ‘जिया तान’ या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं इमानेइतबारे मदत करून त्या प्रोजेक्टचा विश्वास कमावला, सहीचा अधिकार मिळवला आणि मग ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदार बसवलं. चेकसम बरोबर, सही बरोबर. पकडलं ते आंद्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरने, कारण त्याच्या मशिनवर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागत होता. अर्धा सेकंद! बहुतेकांच्या रोजच्या वापरातल्या आवृत्त्यांपर्यंत ते पोचायच्या आत थांबलं.

मी हे बाबांना सांगितलं तेव्हा वाटलं, ते म्हणतील मग एवढा घाट घातला कशाला. पण ते शांतपणे म्हणाले, “बँकेतही तिजोरीच्या किल्ल्या दोघा माणसांकडेच असायच्या ना. दोघंही फिरले तर संपलं. कुठेतरी माणसावर थांबावंच लागतं. आपण एवढंच बघायचं, की थांबायची जागा आपण निवडली की चोराने.”

मिंट बसलं. लॅपटॉप आता पूर्वीपेक्षा चपळ आहे, सोसायटीची बिलं वेळेवर गेली, आणि बाबांनी मेनूतला प्रत्येक पर्याय उघडून बघून झाला. पूर्ण तपासणीला मला धरून वीस मिनिटं लागली, त्यातली आठ दादाच्या हसण्याची. तुम्ही नवीन असाल तर निदान चौसष्ट अक्षरं जुळवा. त्याने अर्धवट आणि बिघडलेली फाइल शंभर टक्के पकडली जाते, आणि माझा अनुभव सांगतो की तीच भानगड जास्त वेळा होते. ज्या मशिनवर पैशांचे व्यवहार होतात तिथे सहीसुद्धा बघा आणि चावीचा फिंगरप्रिंट एखाद्या वेगळ्या वाटेने विचारून घ्या. मित्र, भाऊ, जुनं मशिन, कुणीही चालेल. फक्त फाइल देणारा आणि खात्री देणारा एकच नको.

सोमवारी पेन ड्राइव्ह परत करताना मित्राला सांगितलं, “तुझी फाइल अव्वल निघाली. अक्षर न् अक्षर जुळलं.” त्याचा राग पार पळाला. इतका खूश झाला, की पुढच्या आठवड्यात त्याने पेन ड्राइव्हला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली आणि त्यावर सुवाच्य अक्षरात तो चौसष्ट अक्षरांचा नंबर लिहिला, म्हणजे घेणाऱ्याला शोधायला नको! मी कौतुकाने फोटो काढून बाबांना पाठवला.

बाबांचा उलट मेसेज आला, “चिठ्ठी पेन ड्राइव्हलाच बांधली? त्याला एकदा घरी जेवायला बोलव. कोडबुकाची गोष्ट सांगावी लागेल.”